कोसंबटोल्याची सीडी

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

आज भाईजानचं अक्षर पाहिलं. अठरा वर्षांनी.

एका सीडीवर. निळ्या मार्करनं लिहिलेलं — ‘कोसंबटोला. घरं. नोव्हें. २००५’. अनुस्वाराच्या जागी तो टिंब नाही, छोटा गोल काढायचा. तोच गोल. पुन्हा पुन्हा वाचलं.

घेऊन आलेली बाई पन्नाशीची असेल. सकाळपासून दुकानाबाहेर बसून होती. झेरॉक्सवाले गेले, फॉर्म भरणाऱ्या पोरी गेल्या, मग आत आली. “अयूबभाऊचं दुकान हेच का जी?” म्हटलं, हो, मी त्यांची मुलगी, अंजुम. “मंग तू जुबेरभाऊची बहीन.” बहीण होते, असं म्हणणार होते. पण तसं म्हटलं नाही.

नाव नीलाबाई. मुलचेऱ्याकडून तीन बस बदलून आली. तिचं गाव कोसंबटोला — आता नाही ते. तलावाखाली गेलं. त्याच्या आधी पुनर्वसनवाल्यांनी प्रत्येक घराचा व्हिडिओ मागितला होता. घरचे सगळे दारात उभे राहणार, नावं सांगणार, एकेक मिनिट. ते काम आमच्या स्टुडिओला मिळालं होतं; तेव्हा या दुकानात अब्बांचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ होता. भाईजान गेला होता. सीडीवर जितकी घरं दिसली तितके प्लॉट मिळाले. बेचाळीस. त्यात नीलाबाईचं घर नाही.

“ऑफिसात म्हणे, तुमी त्या दिवशी गावात नसान. अन् मी तं दारातच होतो उभी! माह्या हातात सूप होतं. सूप ठेवू का इचारलं, तं जुबेरभाऊ म्हणे, राहू द्या, चांगलं दिसते.”

नवरा इतवारी बारा वर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवत फिरला. वारला. ती दिराच्या प्लॉटच्या कोपऱ्यात झोपडीत राहते, तेही त्याच्या बायकोचं ऐकून घेत. ही सीडी काम झाल्यावर ऑफिसनं परत दिलेली, गावच्या पाटलाकडे, कोलूकडे पडून होती. तो या उन्हाळ्यात गेला, त्याच्या सुनेला पेटीत सापडली. आणि आता सुटलेल्या घरांसाठी शेवटची सुनावणी आहे. ११ डिसेंबर.

ड्राइव्हमध्ये घातली. गरगर फिरली, थांबली, परत फिरली. मग स्क्रीनवर — ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

‘नाही’ दाबलं.

“काय म्हणते तो?”

रिकामी आहे म्हणते, मी सांगितलं.

“रिकामी कशी राहीन, बाई? येवढं गाव हाये त्याच्यात.”

ठेवून जा म्हटलं. मुलाचा, धनराजचा नंबर देऊन गेली. जाताना माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत होती. भाईजानचं तोंड शोधत असावी. मिळतं थोडं — हनुवटीला.

२१ नोव्हेंबर

सीडी रिकामी नाही. खिडकीशी तिरपी धरली की चमकत्या बाजूला गडद कडं दिसतं — जळलेला भाग. आतून बाहेरपर्यंत जवळजवळ भरलेली आहे.

आता आठवलं. भाईजाननं तेव्हा एक प्रोग्रॅम आणला होता. सीडी एकदम जाळायची नाही, फ्लॉपीसारखी वापरायची — आज दोन फाईली टाक, उद्या चार, नको ती काढून टाक. फार कौतुक होतं त्याला. “देख अंजुम, आता सीडी वाया जात नाई!” ती मांडणी साध्या सीडीपेक्षा वेगळी असते. तो प्रोग्रॅम गेला, ती कंपनी गेली. आजच्या विंडोजला ती सीडी म्हणजे कोरी चकती. आत काहीतरी आहे हे त्याला कळतच नाही, आणि वर विचारतं — पुसू?

तीन कॉम्प्युटरवर पाहिलं. तिन्हीवर तेच.

२२ नोव्हेंबर

जेवताना अब्बांना सांगितलं. कोसंबटोला म्हटलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

“फेक दे.”

म्हटलं, त्या बाईचं घर गेलं आहे, अब्बा.

“माझा पोरगा गेला तिथं. त्या जंगलानं खाल्ला. तुला समजत नाही? फेक दे म्हटलं ना!”

ताट तसंच ठेवून उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आवाज अजून तसाच. अम्मी असती तर तिनं समजावलं असतं. अम्मी भाईजानमागोमाग दोन वर्षांत गेली.

२३ नोव्हेंबर

फेकली नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

घुग्घुसला जाऊन आले. दिनेशभाऊंकडे. सिमेंटच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे, आता रिटायर. घरात जुने ड्राइव्ह, जुन्या डिस्का भरून ठेवल्या आहेत. चंद्रपूरच्या क्लासमध्ये मला शिकवायला होते, म्हणून ओळख. चंद्रपूरपासून पुढं सगळा रस्ता कोळशाच्या ट्रकांच्या मागं. त्यांच्या घरी पोचले तर ओढणी काळी झालेली. त्यांनी आधी सीडी पुसली, मग मला पाणी दिलं.

म्हणाले, “विंडोजच्या नादी लागू नको. त्याले जे ओळखता येत नाई, ते त्याच्यासाठी नाईच.”

लिनक्सवर लावली. तिथंही पहिल्यांदा उघडली नाही. ते काळ्या स्क्रीनवर काहीबाही टाइप करत राहिले. शेवटचं पान कुठं आहे ते त्याला सांगावं लागते, म्हणाले. अशा सीडीत फाईलींची यादी सुरुवातीला नसते, सगळ्यात शेवटी असते. शेवट सापडला की गाव सापडेल.

दीड तास गेला. मग यादी आली. बेचाळीस फाईली.

पहिली उघडली. चित्र तळहाताएवढं, मातकट. एक म्हातारा, दोन सुना, पोरं, बकरी. मागं कौलारू घर, कुडाच्या भिंतीवर पांढरी बोटं उमटवलेली. आणि कॅमेऱ्याच्या मागून —

“हां, बोला.”

भाईजान.

मी उठून अंगणात गेले. दिनेशभाऊंच्या बायकोनं चहा आणून दिला, तो तुळशीच्या ओट्यावर ठेवून थंड केला मी.

मग परत आत येऊन सगळी बेचाळीस पाहिली. बेचाळीस वेळा “हां, बोला.” कधी “बाबा, इकडे पाहा.” एकदा खोकला. एकदा कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं तर त्यानं कोंबड्यासारखा आवाज काढला आणि ते हसलं. ही माणसं पाण्याखालच्या गावात दारासमोर उभी आहेत आणि सगळी भाईजानकडे पाहत आहेत. जणू माझ्याकडे.

सूप घेतलेली बाई कुठंच नाही.

२६ नोव्हेंबर

दुकान उघडलं, बसले. एक जण आधारची प्रिंट मागत होता आणि मला मागून “हां, बोला” ऐकू आलं. वळून पाहिलं. मागं भिंत. तो माणूस म्हणाला, “म्याडम, कोनाले पाहून राह्यल्या?”

धनराजला फोन केला, आईला दे म्हटलं. सांगितलं की सीडी उघडली, बेचाळीसच आहेत, तुमचं घर नाही. पलीकडे बैलांच्या घंटा वाजत होत्या.

“पुन्हा पाहा जी.”

पाहिलं नीलाबाई, सगळं पाहिलं.

“मले त्यानं उभं केलं होतं. मी काऊन खोटं बोलू? अठरा वर्सांपासून लोक मलेच पागल म्हणून राह्यले. आता तूबी म्हण.”

फोन ठेवला तिनं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी दिनेशभाऊंचा फोन. त्यांनी सीडीची पूर्ण नक्कल काढून ठेवली होती, त्यातच डोकं घालून बसले होते.

त्यांनी समजावलं ते असं. या सीडीवर काही खोडता येत नाही. जळलं ते जळलं. फाईल ‘काढून टाकली’ की प्रोग्रॅम फक्त नवी यादी लिहितो, ती एक फाईल वगळून. फाईल जिथल्या तिथं असते. जुनी यादीही असते. पण कॉम्प्युटर फक्त शेवटची यादी वाचतो.

“मी त्याले फसवलं,” म्हणे. “सीडी जिथं खरी संपते त्याच्या जरा आधीच संपली असं सांगतलं. तं त्यानं त्याच्या आधीची यादी उघडली.”

किती?

“त्रेचाळीस.”

त्यांनी फोटो पाठवला. दार. दारात उंच, हडकुळा माणूस. शेजारी तरुण बाई, नाकात चमकी, हातात सूप.

नीलाबाई!

आनंदानं ओरडलेच मी. लगेच धनराजला फोन लावायला घेतला. तेवढ्यात दिनेशभाऊ म्हणाले, शेवटच्या यादीवर तारीख हाये, तुले कामी येईल. २७ नोव्हेंबर २००५.

फोन लावला नाही.

भाईजान १६ नोव्हेंबरला गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात. मेंदूचा मलेरिया.

३० नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

अब्बांना माउस धरता येत नव्हता. तेव्हाही नाही, आताही नाही. घरात कॉम्प्युटर एकच होता आणि भाईजान गेल्यावर तो चालवणारी मी एकटी. एकोणीस वर्षांची. होस्टेल सोडून परत आले होते.

चाळिसावा व्हायचा होता, मेहमान अजून घरातच होते. ऑफिसातून निरोप आला — सीडी पाठवा, काम अडलं आहे. अब्बा म्हणाले, एकदा सगळं लावून बघू, पोराचं शेवटचं काम आहे. मी एकेक फाईल लावत गेले. आवाज बंद करून — अम्मीला ऐकू जाऊ नये म्हणून. मी पडद्याकडे पाहतही नव्हते, रडत होते. अब्बा मागं उभे. एका घराशी ते थांबले. ओसरीत खुंटीला भाईजानची तपकिरी बॅग लटकत होती, तेवढी मी पाहिली. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार जोरात.

“हे काढ.”

का, विचारलं नाही. काढलं. एक बटण. मग सीडी पाकिटात घालून दिली.

एवढंच. मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. कुठंतरी ठेवून दिलं होतं. दहा दिवसांपूर्वी ती बाई सूप म्हणाली, बारा वर्षं म्हणाली, आणि मी तिच्यासमोर बसून कॉम्प्युटरला नावं ठेवत होते.

१ डिसेंबर, शुक्रवार

अब्बा जुम्म्याहून आले. टोपी काढायच्या आत विचारलं. सीडीतून एक घर का काढायला लावलं?

त्यांनी नाकारलं नाही. खाटेवर बसले, टोपीची घडी घालत राहिले.

“तीन रात्री झोपला तो त्यांच्या ओसरीत. मच्छरदानी नाही, काही नाही. त्याच घरात त्याला ते लागलं. धडधाकट गेला आणि आठ दिवसांत... ती दोघं उभी होती तिथं, हसत. मला पाहवलं नाही. माझ्या घरातलं एक गेलं. म्हटलं, त्यांचंही जाऊ दे.”

त्यांना प्लॉट मिळाला नाही, हे माहीत होतं?

“नंतर कळलं. तो माणूस आला होता एकदा. इतवारी. स्टुडिओत. हात जोडून म्हणाला, भाऊ, तुमच्याकडं दुसरी कॉपी असेल तर पाहा.”

मग?

“नाही म्हटलं.”

मला वाटलं होतं, ओरडेन. सांगितलं तुम्ही, केलं मी, एवढंच मी म्हणाले. त्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं माझ्याकडे. माझा हात त्यात होता, हे बहुतेक त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

३ डिसेंबर, रविवार

त्रेचाळिसावी फाईल आज पूर्ण पाहिली. दिनेशभाऊंनी पेन ड्राइव्हवर पाठवली. बाकीची एकेका मिनिटाची आहेत, ही चार मिनिटांची.

“हां, बोला.”

इतवारी आधी मराठीत नाव सांगतो, बायकोचं सांगतो, आत झोपलेल्या धनराजचं सांगतो. मग भिंतीला हात लावून त्यांच्या बोलीत म्हणतो, “इद मावा रोन.” हे आमचं घर. नीलाबाई सूप ठेवू का विचारते. भाईजान म्हणतो, राहू द्या, चांगलं दिसते. अक्षर न् अक्षर तेच. अठरा वर्षं तिनं ते तसंच धरून ठेवलं आहे.

मग चित्र तिरपं होतं. कॅमेरा ओसरीवर ठेवला, बंद करायचा राहिला. खांबाचा तुकडा दिसतो आणि जमीन. आवाज येत राहतो.

नीलाबाई — “अंग तं पाहा कसं तापलं हाये! काल रातीपासून कुडकुडून राह्यला तू. हे गाडी जुंपतो म्हणते, आताच निघ.”

भाईजान — “काल नाई बाई. ताप चार दिसांचा हाये. घरूनच घेऊन आलो. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून. अब्बाले सांगतलं असतं तं येऊच नसतं देल्लं.”

इतवारी — “मंग कायले आला रे बाबा?”

भाईजान हसतो. दात वाजत असताना माणूस हसतो तसा. “माह्यं पयलं मोठं काम हाये ना.”

मग कोणीतरी घोंगडी आणते. फरफटल्याचा आवाज. इतवारी बैलांना हाक मारतो. फाईल संपते.

त्यांनीच त्याला पाठवलं होतं. बैलगाडीनं. त्या घरात त्याला काही लागलं नव्हतं.

तासभर विचार केला, अब्बांना ऐकवू की नको. हे ऐकून ते मोडतील. न ऐकवावं तर इतवारी मेला तसाच गुन्हेगार राहतो त्यांच्या मनात. शेवटी असरच्या नमाजनंतर, उन्हं कलताना, लॅपटॉप त्यांच्या खाटेवर ठेवला आणि लावलं.

पूर्ण ऐकलं. हलले नाहीत. “घरूनच घेऊन आलो” आलं तेव्हा डोळे मिटले. संपल्यावर वाटलं, आता काहीतरी बोलतील. इतवारीबद्दल. स्वतःबद्दल.

म्हणाले, “आवाज विसरलो होतो मी त्याचा. फिर से लगा.”

सहा वेळा लावलं.

६ डिसेंबर

रोज असरनंतर लॅपटॉप मागतात. मी लावून देते आणि दुकानात निघून जाते. आज परत आले तेव्हा फाईल संपलेली होती आणि ते काळ्या पडद्याशी बोलत होते. “बोलायचं होतंस ना मला. बोलायचं होतंस.”

८ डिसेंबर

कागदावर लिहून काढलं. मी, अंजुम, अमुक वय, २७ नोव्हेंबर २००५ रोजी माझ्या हातानं ही फाईल काढली. कोणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं नाही. अब्बांनी वाचलं. पेन मागितलं. खाली स्वतः ओळ घातली — माझ्या सांगण्यावरून. अयूब. सही करायला फार वेळ लावला.

११ डिसेंबर, सोमवार

सुनावणी झाली.

दिनेशभाऊ पहाटेच घुग्घुसहून निघून आले होते. नीलाबाई आणि धनराज व्हरांड्यात. धनराज बापासारखाच उंच. आत बोलावण्याआधी मला तिला सांगायचं होतं. साहेबांसमोर पहिल्यांदा तिच्या कानावर पडावं, हे बरोबर नव्हतं. बाजूला नेलं. फोनवर तिचा फोटो दाखवला — ती, सूप, इतवारी. ती पडद्यावर बोट फिरवत राहिली. त्याच्या चेहऱ्यावरून.

मग सांगितलं. सगळं. माझा हात, अब्बांचं बोलणं, का केलं ते.

धनराज पुढं आला होता. “काय म्हणली?” त्याच्या आईनं त्याला हातानं मागं सारलं. ती ओरडली नाही. मला वाटत होतं, ओरडावी.

“हे इतवारीले सांगाले पायजे होतं,” म्हणाली. “तो मरेपर्यंत मले इचारे, नीला, आपन खरंच होतो ना उभे? त्याचा सोतावरचाच भरोसा उडून गेल्ता.”

मी हात जोडले. तिनं पाहिलं नाही. आत गेली.

आत क्लार्कनं सीडी घेतली, कॉम्प्युटरमध्ये घातली. गरगर. मग तीच पाटी — फॉरमॅट करायची का? “खराब हाये,” म्हणाला, आणि त्याचा हात माउसवर. त्याला ती पाटी घालवायची होती, बस! मी टेबलावरून हात घालून सीडी बाहेर काढायचं बटणच दाबलं. क्लार्क चिडला. साहेब म्हणाले, काय चाललंय? “आमच्या सिस्टिमवर उघडत नाही म्हणजे पुरावा नाही, बाई.”

दिनेशभाऊ शांतपणे पुढं झाले. आपला लॅपटॉप ठेवला. “साहेब, तुमची सिस्टिम शेवटचं पान वाचते. दोन मिनिटं द्या, आधीचं पान दाखवतो.” तीच सीडी, त्यांच्याच समोर. आधी बेचाळीस. मग त्रेचाळीस. मग व्हिडिओ.

खोलीत इतवारीचा आवाज आला. इद मावा रोन.

नीलाबाई उभी होती ती खाली बसली. पदर तोंडात धरून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. भाईजानचा आवाज आला तेव्हा ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच. तेवढंच. माफी नव्हती त्यात. पण तिला माहीत होतं, मी काय ऐकते आहे.

माझा कागद दिला. साहेबांनी दोनदा वाचला. याची चौकशी वेगळी होईल, म्हणाले. होऊ दे.

१४ डिसेंबर

धनराजचा मेसेज. ‘आईचं नाव लिस्टमदी आलं.’ बाकी काही नाही. अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला, परत पुसला.

१८ डिसेंबर, सोमवार

सकाळी दिनेशभाऊ. चौकशीसाठी सीडीचा पूर्ण अहवाल लागणार म्हणून त्यांनी तिच्यावरच्या सगळ्या याद्या एकेक करून उघडल्या. याद्या दोन नाहीत. तीन आहेत.

सगळ्यात पहिली १२ नोव्हेंबर २००५ ची. त्यात चव्वेचाळीस घरं.

दुसरी, त्रेचाळीसवाली, दुसऱ्या दिवशीची. १३ नोव्हेंबर. मी होस्टेलवर होते. अब्बांना माउस धरता येत नव्हता. कॉम्प्युटरपुढं चादर पांघरून, तापात, भाईजान एकटा बसला असणार.

का, ते विचारायला कोणी नाही.

फाईल पाहिली. एक म्हातारा, एकटा, कुडाच्या दारात. “खुशाल. एकटाच हाव जी. बायको नाई, लेकरू नाई.” भाईजान म्हणतो, “झालं बाबा, आलं तुमचं घर.”

नीलाबाईला फोन केला. खुशाल कोण, विचारलं.

“खुशाल? त्याले बी प्लॉट नाई भेटला. आमी तं समजलो, तो आपल्या मनानं निघून गेला.”